सात दिवसांचा रस्ता, सहा महिन्यांची तयारी

मागच्या जानेवारीत ओपीडी संपत आली असताना एक जुने पेशंट आत आले. वय ५४, दहा वर्षांपासून मधुमेह, बँकेतली बैठी नोकरी. नेहमीप्रमाणे शुगरचे रिपोर्ट पुढे ठेवण्याऐवजी त्यांनी एक फॉर्म पुढे केला. "डॉक्टर, एवढी फिटनेसची सही हवी होती." कॅन्सर झालेल्या मुलांच्या उपचारासाठी देणग्या जमवायच्या आणि पुण्याहून गोव्यापर्यंत सायकलने जायचं, असा दहा-बारा जणांचा बेत होता. पाच दिवसांचा प्रवास. निघायला तीन आठवडे उरलेले. सायकल कुठली, असं विचारल्यावर म्हणाले, "मुलाची आहे ना घरी. आणि शाळेत मी सायकलनेच जायचो की! सायकल काय कोणी विसरतं का?"

सायकल कोणी विसरत नाही, हे खरं. पण गुडघा विसरतो, कंबर विसरते, आणि बसायची जागा तर सगळ्यात आधी विसरते. मी सही केली नाही. ते नाराज झाले. "चांगल्या कामाला तुम्ही नाही म्हणताय," असंही बोलून गेले. तेव्हा मी त्यांना कॅलिफोर्नियातल्या एका सायकलफेरीची गोष्ट थोडक्यात सांगितली. इथे जरा सविस्तर सांगतो. असा फॉर्म घेऊन येणारे दर वर्षी वाढताहेत, म्हणून.

गोष्ट १९९४ सालची. त्या काळात एड्स म्हणजे काय होतं, हे आजच्या तिशीतल्या वाचकांना सांगून खरं वाटणार नाही. १९८१ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद झाली, तिथून या आजाराची लेखी कहाणी सुरू होते. तेरा वर्षांनी, १९९४ मध्ये, अमेरिकेत २५ ते ४४ या वयोगटातल्या मृत्यूंचं पहिल्या क्रमांकाचं कारण एड्स होतं. अपघात नव्हे, हृदयविकार नव्हे, एड्स. १९८७ मध्ये आलेलं एझेडटी आणि त्याच्यासारखी दोन-तीन औषधं एवढाच आधार होता, आणि तो फार दिवस पुरत नसे.

त्याच सुमारास मी इकडे एमडी करत होतो. आमच्या वॉर्डाच्या टोकाच्या खाटा अशा पेशंटसाठी ठेवलेल्या असत. औषधं त्यांच्या आवाक्यात नव्हती. आमच्या हातात होते ते ताप, जुलाब आणि क्षय यांवरचे उपचार, आणि एक सल्ला : आराम करा, दगदग करू नका. तिशीतल्या एका ट्रक ड्रायव्हरने मला विचारलं होतं, "साहेब, गेटपर्यंत चालून येऊ का रोज?" मी त्याला पडून राहायला सांगितलं. तेव्हा ते मला योग्यच वाटलं होतं.

आणि त्याच वर्षी तिकडे सॅन फ्रान्सिस्कोहून ४७८ माणसं लॉस एंजेलिसला सायकलने निघाली होती. सात दिवस, साडेआठशे किलोमीटरच्या आसपास अंतर, रात्री तंबूत मुक्काम. 'कॅलिफोर्निया एड्स राइड' हे त्या फेरीचं नाव. ती सुरू करणारा डॅन पॅलोटा. १९८३ मध्ये, हार्वर्डमध्ये विद्यार्थी असताना, भुकेच्या प्रश्नासाठी पैसे उभे करायला तो ३९ जणांचा गट घेऊन सायकलने अख्खी अमेरिका ओलांडून गेला होता. ते विद्यार्थी होते, विशी-बाविशीतले. १९९४ ची कल्पना त्याहून धाडसाची होती. ज्याने शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावला नाही, अशा कुणालाही यात यायची मुभा होती. अट एवढीच की आधी ठरलेली किमान रक्कम ओळखीपाळखीच्या लोकांकडून जमवायची. पहिल्याच वर्षी सुमारे सोळा लाख डॉलर जमले.

ही माणसं खेळाडू नव्हती. शिक्षक, नर्स, दुकानदार, कुणाचा भाऊ गेलेला, कुणाचा जोडीदार गेलेला. साडेआठशे किलोमीटर ही ज्यांची रोजी-रोटी, त्या शर्यतीतल्या सायकलपटूंना जे ज्ञान पन्नास-शंभर वर्षांत ठेचा खात मिळालं होतं, ते या सगळ्यांना काही महिन्यांत शिकवायचं होतं. मला या फेरीच्या इतिहासात सगळ्यात रस आहे तो इथे. पैसे किती जमले, हे वर्तमानपत्रं सांगतात. बेचाळीस वर्षांच्या, कधी व्यायाम न केलेल्या बाईचा गुडघा सातव्या दिवशीही शाबूत कसा राहिला, हे कोणी सांगत नाही.

आधी सायकलीचं पाहू. याच सॅन फ्रान्सिस्को परिसरातून एप्रिल १८८४ मध्ये थॉमस स्टीव्हन्स नावाचा तरुण उंच चाकाच्या सायकलवर निघाला आणि पुढे पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. वाटेत १८८६ साली तो आपल्याकडे लाहोरहून कलकत्त्यापर्यंतही सायकलने गेला. निघताना त्याचं सामान किती? मोजे, एक जादा शर्ट, पांघरूण आणि तंबू अशी दोन्ही कामं करणारा एक रेनकोट, आणि पिस्तूल. चाक भरीव रबराचं. हवेचं टायर १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने आणलं, तेही मुलाच्या तीनचाकीसाठी. (आमच्या व्यवसायातल्या माणसाने सायकलस्वारांवर केलेला हा सर्वांत मोठा उपकार, असं मी गमतीने म्हणतो.) १९२३ मध्ये मुंबईहून जगप्रवासाला निघालेल्या पारशी तरुणांकडे हवेची टायरं होती, पण पंक्चर काढायला, पाणी शोधायला, आजारी पडलं तर उचलून न्यायला मागे कोणी नव्हतं.

एड्स राइडमध्ये सामान मागून ट्रकने येई, ठरावीक अंतरावर पाणी-खाण्याचे थांबे असत, थकलेल्याला उचलून घेणारी गाडी असे, मेकॅनिक असत. म्हणजे पिस्तूल आणि रेनकोट यांची गरज संपली होती. पण दोन गोष्टी तुमच्यासाठी दुसरं कोणी करू शकत नाही : सायकल तुमच्या मापाची असणं, आणि तिचे गिअर तुम्हाला वापरता येणं.

गिअरचा इतिहास मोठा गमतीचा आहे. फ्रान्समधल्या सेंट एतिएन गावचा पॉल द व्हिवी, 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने लिहिणारा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ओरडून सांगत होता की चढावर गिअर बदलता आला पाहिजे. शर्यतवाल्यांना ते कमीपणाचं वाटे. टूर द फ्रान्समध्ये डिरेलर गिअर वापरायला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. म्हणजे तीन दशकं दणकट गडी आपले गुडघे झिजवत राहिले, कारण हलका गिअर हे म्हातारपणाचं लक्षण! माझ्या ओपीडीत आजही हीच समजूत दिसते. जड गिअर लावून, दात-ओठ खात, मिनिटाला पन्नास पेडल मारणारा माणूस स्वतःला ताकदवान समजतो. प्रत्यक्षात प्रत्येक पेडलला त्याची गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर जोराने दाबली जात असते. त्याच वेगाने जाताना हलका गिअर लावून मिनिटाला ऐंशी-नव्वद वेळा पाय फिरवले, तर श्वास थोडा जास्त लागतो, पण गुडघा वाचतो. हृदय आणि फुप्फुसं रात्रीत ताजीतवानी होतात. चिडलेला गुडघा होत नाही.

कॅलिफोर्नियाच्या या रस्त्यावर किंग सिटीच्या पुढे एक लांब चढ आहे. स्वारांनी त्याचं नाव ठेवलंय 'क्वाडबस्टर', म्हणजे मांडीचे स्नायू फोडणारा. नंतरच्या वर्षांत तो तिसऱ्या दिवशी यायचा. हा तिसरा दिवस वैद्यकीयदृष्ट्या वाईट असतो, कारण पहिल्या दोन दिवसांचं दुखणं तेव्हा ऐन भरात येतं. सरावात ज्यांनी गिअर शिकून घेतले ते हळूहळू चढून जात. बाकीचे ढकलत.

सायकलच्या मापाबद्दल थोडक्यात सांगतो. सीटची उंची अशी हवी की पेडल सर्वांत खाली असताना गुडघा जवळजवळ सरळ, पण किंचित वाकलेला राहील. सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, फार वर असेल तर मागे आणि कमरेत. सीट मऊ आणि रुंद असावी असं सगळ्यांना वाटतं. तासाभरासाठी ती बरी. दिवसभरात मात्र माणूस तिच्यात रुततो आणि वजन बसायच्या दोन हाडांवरून सरकून मधल्या नाजूक नसांवर येतं. जननेंद्रियाला मुंग्या येणं, बधिरपणा येणं हे पेशंट लाजेने सांगत नाहीत. सांगा. ती बहुतेक वेळा सीटची चूक असते. अस्तर लावलेली सायकलची चड्डी अंतर्वस्त्राशिवाय घालायची असते, हेही कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं, कारण शिवण घासूनच फोड होतात. निरोगी माणसाला त्या फोडाने दोन दिवस त्रास होतो. प्रतिकारशक्ती ढासळलेल्या माणसाला त्यातून गंभीर संसर्ग होऊ शकतो. एड्स राइडमध्ये अशी माणसं होती.

तळहाताचंही तसंच. हँडलवर तासन्‌तास भार देऊन करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. फ्रान्समध्ये याची नोंद १८९६ सालीच झाली आहे, म्हणजे हा आजार सायकलीइतकाच जुना म्हणायला हरकत नाही. जाड हातमोजे आणि दर काही मिनिटांनी हाताची जागा बदलणं, एवढंच औषध.

आता शरीराकडे. इथे मला एक प्रयोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६६ मध्ये स्वीडनमधले दोन डॉक्टर, बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन, एकाच व्यायामसायकलच्या दोन बाजूंना बसले. एकाने डाव्या पायाने पेडल मारायचं, दुसऱ्याने उजव्या. दुसरा पाय आराम करणार. दमून जाईपर्यंत हे केलं आणि मग मांडीत सुई घालून दोन्ही पायांतल्या स्नायूंचे तुकडे काढून तपासले, स्वतःच्याच! राबलेल्या पायातली ग्लायकोजेन नावाची साठवलेली साखर जवळजवळ संपली होती, आराम केलेल्या पायात जशीच्या तशी होती. पुढचे तीन दिवस दोघांनी भरपूर पिष्टमय आहार घेतला. राबलेल्या पायात साखर परत भरली, आणि आधीच्या जवळपास दुप्पट भरली. न राबलेल्या पायात फरक नाही. तोच माणूस, तेच रक्त, तेच जेवण.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, ही साठवण मर्यादित आहे. साधारण तीन-चार तास सायकल मारली की ती संपते, आणि मग अचानक पाय शिसे ओतल्यासारखे होतात, डोकं चालत नाही. म्हणून थांबा आला की केळं, चिक्की, पोळीभाजी, काहीतरी खायचंच. दुसरी, शरीर पुढच्या वेळची तयारी ठेवतं, पण फक्त ज्या स्नायूने काम केलं त्याच्यात. त्यामुळे "मी रोज चालतो" म्हणून सायकलचा सराव नको, असं होत नाही.

सराव किती दिवस? हृदय आणि स्नायू सहा-आठ आठवड्यांत बरीच सुधारणा दाखवतात. स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या शिरा, म्हणजे टेंडन, फार सावकाश बळकट होतात. म्हणूनच दोन महिन्यांनी माणसाला वाटतं की आपण तयार आहोत, आणि नेमकं तेव्हाच टाचेच्या वर किंवा गुडघ्यापाशी दुखू लागतं. एड्स राइडला येणारे हिवाळ्यापासून शनिवार-रविवारी एकत्र सराव करत. सुरुवातीला वीस-पंचवीस किलोमीटर, मग दर काही आठवड्यांनी थोडं जास्त, आणि शेवटी लागोपाठ दोन दिवस लांबचा पल्ला. तो लागोपाठचा दुसरा दिवसच खरा शिक्षक. ताज्या पायांनी शंभर किलोमीटर कोणीही जाईल. काल दमलेल्या पायांनी आज परत सीटवर बसणं, हे कौशल्य वेगळं आहे.

पाण्याबाबत आमच्या व्यवसायाचीच मतं फिरली आहेत, हे कबूल करतो. तहान लागायच्या आत प्या, हा व्हेलोसिओच्या काळापासूनचा सल्ला. पुढे १९६० च्या दशकात मीठ-साखरेची क्रीडापेयं आली. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम हातात हात घालून शोषले जातात, या शोधावरच आपलं जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, उभं आहे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी त्यातून असंख्य जीव वाचवले. पण "प्या, प्या, आणखी प्या" याचा अतिरेकही झाला. १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या टिमोथी नोक्स यांनी दाखवलं की लांब पल्ल्याचे काही धावपटू कोसळले ते पाणी कमी पडल्याने नव्हे, तर साधं पाणी जास्त प्यायल्याने. रक्तातलं सोडियम उतरून मेंदूला सूज आली होती. आता आम्ही सांगतो : तहानेप्रमाणे प्या, घाम फार जात असेल तर पाण्यात मीठ-साखर असू द्या, आणि दिवसाअखेर वजन सकाळपेक्षा वाढलेलं दिसलं तर सावध व्हा. कोकणातल्या दमट हवेत घाम निथळतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. तिथे पाण्याइतकीच सावलीत थांबण्याची गरज असते.

तिसरा भाग कौशल्यांचा, आणि जीव जातो तो बहुधा इथेच. शेकडो नवखे सायकलस्वार एका रस्त्यावर. त्यांना शिकवलेल्या गोष्टी साध्या होत्या : एका रांगेत चालायचं, पुढच्याच्या चाकाला चाक भिडवायचं नाही, थांबताना, वळताना, खड्डा दिसला की हाताने आणि तोंडाने मागच्याला सांगायचं, पुढे जाताना हाक द्यायची. तिकडे वाहनं उजवीकडून चालतात म्हणून हाक 'डावीकडून येतोय' अशी. आपल्याकडे 'उजवीकडून' म्हणायचं. कानात गाणी चालत नसत. हेल्मेटशिवाय सायकलवर बसायचंच नाही. खास सायकलसाठी केलेलं पहिलं आधुनिक कडक हेल्मेट बाजारात आलं १९७५ मध्ये. त्याआधी शर्यतवाले डोक्याला चामड्याच्या पट्ट्यांची जाळी बांधत, तिचा उपयोग केस विस्कटू नयेत इतपतच असावा. आणि ट्यूब बदलणं घरी, उजेडात, निवांतपणे किमान पाच वेळा करून बघायचं. अंधारात घाटात पहिल्यांदा करायची ती गोष्ट नाही.

या फेरीत एचआयव्ही असलेले लोकही सायकल चालवत होते, आणि त्यांनी 'पॉझिटिव्ह पेडलर्स' नावाचा आपला गट केला. आजार लपवायचा नाही, लोकांना दिसेल असं रस्त्यावर उतरायचं. माझ्या मनात ही गोष्ट वाचताना तो ट्रक ड्रायव्हर आला. मध्यम व्यायामाने एचआयव्ही बळावत नाही, उलट झडत जाणारे स्नायू टिकायला मदत होते, हे पुढे अभ्यासांनी दाखवलं. आमचा 'पडून राहा' हा सल्ला ताप, जुलाब असताना ठीक होता. बाकीच्या दिवसांसाठी तो चुकीचा होता.

१९९६ मध्ये तीन औषधांची एकत्रित उपचारपद्धती आली आणि चित्र पालटलं. १९९७ मध्ये अमेरिकेतले एड्सचे मृत्यू आदल्या वर्षीच्या जवळजवळ निम्म्यावर आले. पण सायकलस्वारासाठी ही औषधं सोपी नव्हती. इंडिनाविर दर आठ तासांनी, रिकाम्या पोटी, आणि दिवसाला किमान दीड लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर मुतखडा. दिवसभर घाम गाळणाऱ्याने आणि दर दोन तासांनी खाणाऱ्याने हे कसं जमवायचं? रिटोनाविरच्या सुरुवातीच्या कॅप्सूल फ्रिजमध्ये ठेवाव्या लागत, आणि मुक्काम तर तंबूत. काही औषधांनी पायांच्या नसा बधिर होत, त्यामुळे तळपायाच्या मुंग्या बुटामुळे की गोळीमुळे, हे आधीच ठरवून ठेवावं लागे. टायर, टोपी, हातमोजे यांच्या यादीत औषधांचं वेळापत्रक वरच्या क्रमांकावर का असतं, हे माझ्या मधुमेही पेशंटला मी इथूनच समजावलं. शुगर कमी करणाऱ्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्याने दिवसभर सायकल मारली, तर शुगर तेव्हाच नव्हे, त्या रात्री झोपेतही एकदम उतरू शकते. डोस किती कमी करायचा, हे सरावाच्या दिवसांतच, डॉक्टरांच्या सल्ल्याने, ग्लुकोमीटर हातात घेऊन ठरतं. प्रवासाच्या पहिल्या रात्री नाही.

पुढे या फेरीत भांडणंही झाली. जमलेल्या पैशांपैकी फार मोठा वाटा आयोजनावर जातो, अशी टीका वाढली. २००२ मध्ये मदत घेणाऱ्या संस्थांनी वेगळं होऊन 'एड्स/लाइफसायकल' ही आपली फेरी त्याच रस्त्यावर सुरू केली, आणि पॅलोटाची कंपनी त्याच वर्षी बंद पडली. टीका रास्त होती की नाही, यावर अजून वाद आहे. मला वाटतं, थांबे, मेकॅनिक, डॉक्टर, मागून येणारी गाडी यांवरचा खर्च वाचवून पैसे जमवू नयेत. नव्या फेरीत प्रत्येकाने किमान तीन हजार डॉलर जमवायचे, असा नियम होता. सराव घेणारे स्वयंसेवक, एका दिवशी सगळ्यांनी लाल कपडे घालून वळणाच्या रस्त्यावर एड्सची लाल फीत उमटवायची प्रथा, असं बरंच काही तिथे रुजलं. दोन्ही फेऱ्यांनी मिळून तीस कोटी डॉलरहून जास्त रक्कम उभी केली. कोविडनंतर खर्च वाढले, माणसं घटली, आणि जून २०२५ मध्ये शेवटची फेरी निघाली.

आपल्याकडे फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने वर्षाला ३५० डॉलरमध्ये तीन औषधं द्यायची तयारी दाखवली. तेव्हा पाश्चात्त्य देशांत त्यांना दहा हजार डॉलरच्या वर मोजावे लागत. १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून ही औषधं मोफत मिळू लागली. तो ड्रायव्हर १९९५ मध्येच गेला होता.

माझे बँकवाले पेशंट जानेवारीत गेले नाहीत. जूनमध्ये त्यांनी स्वतःच्या मापाची, हलक्या गिअरची सायकल घेतली. ऑगस्टमध्ये करंगळीच्या मुंग्या घेऊन आले, सप्टेंबरमध्ये गुडघा घेऊन आले. सीट दीड इंच खाली होती. दिवाळीनंतर लागोपाठ दोन दिवस लांबचा सराव झाला, त्या रात्रींच्या शुगरचे आकडे त्यांनी वहीत लिहून आणले, आणि आम्ही संध्याकाळची गोळी निम्मी केली. परवा ते परत फॉर्म घेऊन आले. मी सही केली, शिक्का मारला. त्यांनी तो फॉर्म नीट घडी घालून खिशात ठेवला आणि त्याच खिशातून पावतीपुस्तक काढलं. "आता बोला डॉक्टर, तुमचं नाव कितीला लिहू?"